पाच जणींचा कुलवृत्तांत

१८८८ साली लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या दहा आठवड्यांत पाच बायकांचे खून झाले. खुनी सापडला नाही. एका पत्राखालच्या सहीमुळे त्याला 'जॅक द रिपर' हे नाव चिकटलं आणि त्या नावाचा आजतागायत धंदा चालू आहे. मेरी ॲन निकोल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली ही त्या पाच जणींची नावं मात्र कुणाला पटकन आठवत नाहीत. २०१९ साली एका इतिहासकार बाईंनी खुन्याला बाजूला ठेवून या पाच जणींची आयुष्यं दप्तरांतून शोधून काढली आणि ती पुस्तकरूपाने मांडली. पाचातल्या तिघी वेश्या होत्या याला पुरावाच नाही, असं त्या म्हणाल्या आणि वादाला तोंड फुटलं. वर्षानुवर्षं या खुनांचा अभ्यास करणारे हौशी संशोधक तुटून पडले. पुस्तकाच्या बाजूचे लोक त्यांना स्त्रीद्वेष्टे म्हणू लागले. तेव्हापासून सगळी चर्चा एकाच खुंटीला बांधलेली आहे: त्या 'तसल्या' होत्या की नव्हत्या?

मला हा वाद दोन्ही बाजूंनी चुकीचा चाललेला दिसतो. जन्मनोंदी, लग्नाची रजिस्टरं, शिरगणतीचे तक्ते, वर्कहाउसची आवक-जावक बुकं चाळून या बायकांची घराणी शोधणं हे मोलाचं काम आहे, आणि ते आणखी व्हायला हवं. पण त्यातून त्यांना चारित्र्याचा दाखला मिळवून द्यायचा असेल, तर आपण १८८८ च्या पंचांच्याच रांगेत जाऊन बसतो. हे काम करायचं ते दुसऱ्याच कारणासाठी. सुरीच्या आधी त्यांच्या आयुष्यात काय काय तुटत गेलं, हे या कागदांखेरीज आपल्याला कुठेच वाचायला मिळत नाही.

मेरी ॲनचं, म्हणजे पॉलीचं उदाहरण घेऊ. ३१ ऑगस्टच्या पहाटे बक्स रो नावाच्या गल्लीत तिचं प्रेत सापडलं, तेव्हा ती कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ओळख पटली ती परकरावरच्या शिक्क्यामुळे. त्यावर लॅम्बेथ वर्कहाउसची खूण होती. वर्कहाउस म्हणजे निराधारांना कोंडवाड्यासारखं ठेवून, काम करवून घेऊन पोसणारी जागा. १८३४ च्या कायद्याने ती मुद्दामच इतकी नकोशी केली होती की अगदी नाइलाज झाल्याशिवाय कुणी तिथे पाऊल टाकू नये. त्या शिक्क्यावरून पोलीस लॅम्बेथला पोचले, तिथून तिच्या बापापर्यंत आणि नवऱ्यापर्यंत. कौटुंबिक इतिहासाचे संशोधक सव्वाशे वर्षांनंतर हेच करतात, फक्त त्यांचा रस्ता लांबचा असतो. फ्लीट स्ट्रीटच्या आसपास, छापखान्यांच्या वस्तीत १८४५ साली जन्मलेली लोहाराची मुलगी. १८६४ साली सेंट ब्राइड चर्चमध्ये विल्यम निकोल्सशी लग्न, तो छापखान्यातला यंत्रकामगार. पाच मुलं. काही वर्षं कामगारांसाठी भाड्याची घरं बांधणाऱ्या पीबडी ट्रस्टच्या इमारतीत बिऱ्हाड, आणि तिथे जागा मिळायला घरातला माणूस कमावता आणि वागणूक धड असावी लागे. १८८० मध्ये संसार मोडला. बाप म्हणाला, पॉलीचं बाळंतपण करायला आलेल्या बाईशी जावयाचं सूत जुळलं. नवरा म्हणाला, ही प्यायची आणि स्वतःच घर सोडून गेली. खरं काय ते कुठल्याच रजिस्टरात नाही. रजिस्टरात आहे ते त्यानंतरचं.

नवरा तिला आठवड्याला ५ शिलिंग देत होता. १८८२ मध्ये ती दुसऱ्या पुरुषाबरोबर राहते असं कळल्यावर त्याने पैसे बंद केले. पॅरिशने, म्हणजे निराधारांचा खर्च उचलणाऱ्या स्थानिक कारभाराने, त्याला कोर्टात खेचलं, पण कायदा त्याच्या बाजूचा होता. १८५७ च्या घटस्फोट कायद्यानुसार पुरुषाला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होत असे. बाईला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य नाही तर परित्यागही सिद्ध करावा लागे, आणि तो खर्च मजुराच्या बायकोच्या आवाक्यातला नव्हताच. विभक्त राहणाऱ्या बाईने दुसऱ्याचा आधार घेतला की पोटगी गेली, आणि नाही घेतला तर ५ शिलिंगात जगा. हिशेब करून पाहा. ५ शिलिंग म्हणजे ६० पेन्स. धर्मशाळेहून वाईट अशा लॉजिंग हाउसमधला एक बिछाना रात्रीला ४ पेन्स, म्हणजे आठवड्याला २८. राहिलेल्या ३२ पेन्समध्ये जेवण, कपडे, साबण आणि आजारपण. हा हिशेब मांडायला नवऱ्याने दिलेली रक्कम, ती बंद झाल्याचं साल आणि पॅरिशची तक्रार हे तीनही कागद सापडावे लागतात. या शोधाला 'भावनिक' म्हणून हिणवणाऱ्यांनी मला सांगावं, यात भावनिक काय आहे?

आता विरोधकांचे मुद्दे. त्यांतला सगळ्यात भक्कम मुद्दा पुराव्याचा आहे आणि तो मला मान्य आहे. मेल्या रात्री अडीचच्या सुमारास पॉली रस्त्यावर आपल्या मैत्रिणीला भेटली. बिछान्याचे पैसे आज तीनदा मिळवले आणि तीनदा उडवले, असं ती म्हणाल्याची साक्ष आहे. दिवसातून तीनदा कसे मिळवले? ॲनी चॅपमनबद्दल तिचीच मैत्रीण कोरोनरपुढे म्हणाली की पोटासाठी ती काय करते याचा फारसा विचार करत नसे आणि कधी कधी रात्री उशिरापर्यंत बाहेर असे. (कोरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी. हा शब्द मुंबईकरांना परका नाही, विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मुंबईत कोरोनरचं न्यायालय होतं.) त्याच मैत्रिणीने हेही सांगितलं की ॲनी क्रोशाचं विणकाम करायची, फुलं विकायची आणि शुक्रवारी माल घेऊन स्ट्रॅटफर्डच्या बाजाराला जायची. आता यातली एकच ओळ उचलायची आणि दुसरी गाळायची, हे दोन्ही बाजू करतात. बचावकर्ते क्रोशाची सुई दाखवतात, टीकाकार रात्रीचा उशीर. दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या एकाच आठवड्यातल्या असू शकतात, हे दोघांच्याही पचनी पडत नाही.

पण या मान्यतेतून विरोधक जो निष्कर्ष काढतात तो मला मान्य नाही. 'वेश्या' हा शब्द १८८८ मध्ये कोण, कुणाला, कशावरून लावत होतं? लंडनच्या पोलिसांनी त्या ऑक्टोबरात व्हाइटचॅपेलचा अंदाज काढला. २३३ लॉजिंग हाउसेस, त्यांत राहणारी सुमारे ८,५३० माणसं आणि १,२०० वेश्या. हा शेवटचा आकडा देतानाच त्यांनी लिहून ठेवलंय की कोणती बाई वेश्या आहे आणि कोणती नाही हे ठरवायचं काही साधन आपल्याजवळ नाही, हा फक्त समज आहे. त्याच्या आदल्याच वर्षी रीजंट स्ट्रीटवर एलिझाबेथ कास नावाच्या शिवणकाम करणाऱ्या तरुणीला एका शिपायाने वेश्या म्हणून पकडलं, पार्लमेंटात गदारोळ झाला, आणि पोलीस आयुक्त वॉरन यांना हुकूम काढावा लागला की बाईने स्वतः कबूल केल्याशिवाय किंवा तशी शिक्षा झालेली असल्याशिवाय तिला तो शब्द लावायचा नाही. कास वाचली, कारण तिच्या बाजूने बोलणारी मालकीण होती. बक्स रोमधल्या प्रेताच्या बाजूने कोण बोलणार? रात्री रस्त्यावर दिसलेली, घर नसलेली, प्यायलेली बाई म्हणजे वेश्या, हे समीकरण आधी तयार होतं. पॉली आणि ॲनी त्यात फक्त बसवल्या गेल्या. त्या दोघीही आपापल्या शेवटच्या रात्री लॉजिंग हाउसच्या दारातून परत फिरल्या होत्या, कारण बिछान्याचे पैसे जवळ नव्हते. हे मात्र निर्विवाद आहे. त्यानंतरच्या तासांत त्या पैसे मिळवायला निघाल्या होत्या की एखादा कोपरा शोधून पडल्या होत्या, हे ठरवण्यात इतकी शाई खर्च करणाऱ्यांना ते बंद दार का दिसत नाही?

बचावकर्त्यांनाही माझा तितकाच थेट प्रश्न आहे. समजा, उद्या एखादा नवा कागद सापडला आणि पॉली अधूनमधून तो धंदा करत होती हे पक्कं झालं. मग काय? तिच्याबद्दलची हळहळ परत घ्यायची? 'ती वेश्या नव्हती' या वाक्याच्या पोटात 'म्हणून तिचं मरण वाईट' हे दुसरं वाक्य दडलेलं असतं. ते नको असेल, तर पहिल्या वाक्यावर एवढा भार टाकता कामा नये. १९८१ मध्ये यॉर्कशरच्या तेरा बायकांच्या खुन्यावरचा खटला उभा राहिला, तेव्हा ॲटर्नी जनरल सर मायकेल हेव्हर्स भर कोर्टात म्हणाले की यातल्या काही वेश्या होत्या, पण प्रकरणातली सर्वांत दुःखद गोष्ट ही की काही तशा नव्हत्या. त्या तपासातल्या भाषेबद्दल वेस्ट यॉर्कशर पोलिसांनी माफी मागायला २०२० साल उजाडलं. आपल्याकडे पोलीस ठाण्यातल्या बलात्काराच्या मथुरा खटल्यात सत्र न्यायालयाने त्या आदिवासी मुलीच्या पूर्वीच्या संबंधांवरूनच तिची 'संमती' शोधून काढली होती. नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला, पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडून दिलं. आधी चारित्र्य तपासायचं आणि मग अन्याय मोजायचा, ही पद्धत व्हिक्टोरिया राणीबरोबर संपली नाही. म्हणून त्याच पद्धतीच्या चौकटीत राहून केलेला बचाव मला धोक्याचा वाटतो, मग करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

दुसरा आक्षेप दप्तरांवरचा आहे. गरिबाची नोंद कधी होते? तो जन्मतो, लग्न करतो, मरतो तेव्हा, आणि या तिन्हींच्या मधे तो कुणाच्या तरी अंगावर पडतो तेव्हा. पॅरिशच्या, पोलिसांच्या, इस्पितळाच्या. ज्या वर्षी पॉलीने धुणीभांडी करून, शांतपणे, कुणाकडे काही न मागता दिवस काढले, त्या वर्षाचा कागद नाही. त्यामुळे दप्तरांतून उभी राहणारी बाई नेहमी घसरत असलेलीच दिसते. हा आक्षेप खरा आहे. शिवाय कुठे काय टिकलं, हाही निव्वळ योगायोग. पाचांपैकी एडोज आणि केली या दोघींच्याच मृत्युचौकशीचे मूळ कागद उरलेत. बाकी तिघींच्या साक्षी आपण वाचतो त्या वर्तमानपत्रांनी छापल्या म्हणून. पॉलीने त्याच वर्षी वॉन्ड्सवर्थला मोलकरणीची नोकरी मिळाल्यावर बापाला पत्र लिहिलं होतं. घर मोठं आहे, पुढेमागे झाडं आणि बाग आहे, मालक-मालकीण दारू न पिणारे, धार्मिक आहेत, तेव्हा माझं इथे बरं चालेल, अशा अर्थाचं. पुढे ती मालकांचे कपडे घेऊन तिथून पळाली. बापाने ते पत्र जपून ठेवलं आणि चौकशीत दिलं, म्हणून ते छापून आलं. पॉलीचा खून झाला नसता तर ते पत्र आज असतं का? तिच्यासारख्या हजारो जणींची अशी पत्रं चुलीत गेली असणार.

एलिझाबेथ स्ट्राइड आणि मेरी जेन केली यांना शेजारी ठेवलं की या योगायोगाचं गणित कळतं. एलिझाबेथ मूळची स्वीडनची, गॉथेनबर्गजवळच्या टोर्सलांडा गावची, १८४३ चा जन्म. स्वीडनमध्ये गावचा पाद्री घरोघर जाऊन कुणाला वाचता येतं, कुणाला धर्मप्रश्न पाठ आहेत हे वहीत लिहून ठेवायचा. गाव सोडलं तरी नोंद, दुसऱ्या गावी पोचलं तरी नोंद. १८६५ मध्ये गॉथेनबर्ग पोलिसांच्या वेश्यांच्या यादीत तिचं नाव चढलं. त्याच साली तिला मृत मुलगी झाली, गुप्तरोगावर इस्पितळात उपचार झाले, आणि वर्ष संपायच्या आत घरकाम मिळाल्यावर नाव यादीतून उतरलं. पुढच्या वर्षी ती लंडनला गेली. म्हणजे एका बाईच्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वर्ष महिन्यामहिन्याने आपल्यासमोर येतं, कारण सरकार तिच्या शरीरावर पहारा ठेवून होतं. असला पहारा ब्रिटनमध्येही होता. १८६४ पासून छावण्यांच्या गावांत सांसर्गिक रोग कायद्याखाली संशयित बायकांची सक्तीने तपासणी व्हायची. हिंदुस्थानात तोच कायदा १८६८ मध्ये आला, मुंबईतही लागू झाला, आणि रद्द झाला तो नेमका १८८८ मध्ये. जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकारी बायका या कायद्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या. ज्यांच्यासाठी लढल्या त्यांची नावं आपल्याला कुठून कळतात? याच कायद्याच्या रजिस्टरांतून.

आणि केली? ती म्हणायची, लिमरिकला जन्मले, लहानपणी वेल्समध्ये गेले, नवरा खाणीतल्या स्फोटात गेला. सगळं तिच्या जोडीदाराच्या साक्षीतलं. जन्म साधारण १८६३ चा धरला, तर आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. १८६१ ते १८९१ या आयरिश शिरगणत्यांचे मूळ तक्ते सरकारनेच नष्ट केले, आणि १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्समधला दफ्तरखाना जळाला तेव्हा त्याआधीचे बहुतेक कागदही गेले. पिढ्यान्‌पिढ्या शोधूनही तिचं घराणं सापडलेलं नाही. मेरी केली हे नाव तरी खरं होतं का, हेही सांगता येत नाही. काही संशोधकांना ही पोकळी सोसवत नाही. मग वय जुळतंय, नाव जुळतंय, गाव जवळचं आहे, म्हणून कुठलीतरी मेरी केली उचलून तिच्या जागी बसवली जाते.

ही चूक नवी नाही. स्ट्राइडचं प्रेत शवागारात होतं तेव्हा मेरी माल्कम नावाची एक बाई आली आणि ही माझी बहीण एलिझाबेथ वॉट्स, असं शपथेवर सांगून गेली. खुनाच्या रात्री अंथरुणावर पडलेली असताना आपल्याला बहिणीचा स्पर्श जाणवला, असंही ती म्हणाली. काही दिवसांनी ती बहीण स्वतःच्या पायांनी कोरोनरपुढे येऊन उभी राहिली, जिवंत. मेरी माल्कम मुद्दाम खोटं बोलत होती असं मला वाटत नाही. तिच्या मनात बहिणीच्या शेवटाची एक गोष्ट आधीच तयार होती, आणि प्रेत त्या गोष्टीत बसलं. वंशावळी जोडणाऱ्या प्रत्येकाने ही साक्ष वाचावी. पण या आक्षेपाने काम थांबवावं असं मुळीच सिद्ध होत नाही. पुरावा कुठे संपतो ती रेघ ठळक ओढावी, एवढंच सिद्ध होतं. केलीच्या पानावर 'सापडत नाही' असं लिहिणं हाही इतिहासच आहे. आयरिश गरिबांचे कागद कुणी, कसे नाहीसे केले, हे ते रिकामं पान सांगतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त छळतो. या बायकांना हे चाललं असतं का? स्ट्राइड आयुष्यभर आपला भूतकाळ झाकत आली. नवरा आणि मुलं १८७८ च्या 'प्रिन्सेस ॲलिस' बोटीच्या अपघातात बुडाली असं ती सांगायची. त्या बोटीवर टेम्स नदीत शेकडो माणसं खरोखर बुडाली होती. तिचा नवरा मात्र १८८४ पर्यंत जिवंत होता. गॉथेनबर्गच्या यादीबद्दल तिने लंडनमध्ये कुणाला चकार शब्द सांगितला असेल असं वाटत नाही. आणि आपण ती यादी उघडून वाचतो. कॅथरीन एडोजच्या मुलीने चौकशीत सांगितलं की आई सारखी पैसे मागायला येते म्हणून तिने घर बदललं आणि नवा पत्ता कळवला नाही. मुलांच्या बापाने, टॉमस कॉनवेने तर लष्करी पेन्शन क्विन या दुसऱ्याच नावावर घेतली होती. त्यामुळे पोलिसांनाही तो सापडला तो चौकशी आटोपल्यावर. ज्यांनी एकमेकांपासून पत्ते लपवले, त्यांना एका तक्त्यात रेघांनी जोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

याला माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पण एक सांगता येतं. या बायकांचं खासगीपण आपण मोडलेलं नाही, ते १८८८ च्या शरद ऋतूतच मोडलं गेलं. त्यांची फाटलेली शरीरं चित्रांसकट वर्तमानपत्रांतून घरोघर गेली. केलीचं खोलीतलं छायाचित्र आजही कोणत्याही मुलाला दोन मिनिटांत सापडतं. ते काढून घेणं कुणाच्याच हातात नाही. अशा वेळी लग्नाच्या रजिस्टरातली सही शोधायची नाही, कारण ते खासगी, असं म्हणणं म्हणजे शवागाराचं दार सताड उघडं ठेवून माजघराला कुलूप लावणं. ॲनी आणि जॉन चॅपमनचा लग्नाच्या सुमाराचा एक फोटो वंशजांकडे जपलेला होता. नीट बसवलेले केस, फुलाफुलांचा पोशाख, हातात पुस्तक. आधी तिचा एकच फोटो जगाला माहीत होता, शवागारातला. यातला कुठला फोटो उघड करणं जास्त असभ्य?

त्या फोटोतून ॲनीच्या घरात शिरलं की मग बाकीचंही दिसतं. बाप राणीच्या घोडदळातला शिपाई. त्याने १८६३ मध्ये स्वतःचा गळा चिरून घेतला. नवरा बर्कशरमधल्या एका श्रीमंताकडे कोचमन, राहायला मालकाच्या आवारात घर. तीन मुलं वाढली, त्यांतला मुलगा जन्मतः अपंग. थोरली एमिली १८८२ मध्ये बारा वर्षांची होऊन मेंदूज्वराने गेली. त्याच सुमारास ॲनीला दारू सोडवण्यासाठी स्पेलथॉर्नच्या संस्थेत ठेवलं होतं. ती बाहेर आली, पुन्हा प्यायली, आणि घर सुटलं. नवरा आठवड्याला १० शिलिंग पाठवायचा. १८८६ च्या नाताळच्या दिवशी तो वारला, तोही दारूनेच, आणि पैसे थांबले. मैत्रीण म्हणाली, त्यानंतर ती पार खचली. शवचिकित्सा करणाऱ्या डॉक्टर फिलिप्सनी फुप्फुसं आणि मेंदूची आवरणं जुन्या रोगाने पोखरलेली असल्याचं आणि शरीरावर दीर्घ उपासमारीच्या खुणा असल्याचं सांगितलं. ती फार दिवसांची सोबतीण नव्हतीच. खुनी एका मरणाच्या वाटेवरच्या बाईपर्यंत पोचला. तिला त्या वाटेवर आणणाऱ्यांत तो एकटा नव्हता, पण बाकीच्यांचा शोध घेणारी एकही टूर व्हाइटचॅपेलमध्ये संध्याकाळी निघत नाही.

या खुनांच्या नावावर चालणाऱ्या धंद्याबद्दलचा आक्षेप मी लांबवणार नाही. खुन्याचं नाव नसतं तर ही पुस्तकंही खपली नसती, हे खरं आहे. २०१५ मध्ये केबल स्ट्रीटवर ईस्ट एंडच्या बायकांचा इतिहास सांगणारं संग्रहालय होणार असं सांगून परवानगी मिळवली गेली आणि उघडलं ते रिपरचं संग्रहालय. तेव्हा लोक रस्त्यावर उतरले ते बरंच झालं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाण्याचे प्रकार वंशशास्त्राच्या नावाखालीही होतात. एडोजच्या वंशजाचा डीएनए घेऊन एका शालीवरून खुनी ओळखल्याचा दावा २०१४ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये झाला. ती शाल त्या रात्री तिथे होती याचाच धड पुरावा नाही. तिथे एडोजचं घराणं कशासाठी हवं होतं? खुन्याचं नाव ठरवायला. यालाही मी कुटुंबाचा शोध म्हणावं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी माझं जमायचं नाही.

आपल्याकडे कुलवृत्तांत निघतात. आमच्या घराण्याचाही आहे. त्यात पराक्रमी पुरुष आहेत, इनामं आहेत, पेशव्यांच्या दप्तरातले दाखले आहेत. माझ्या पणजोबांच्या एका बहिणीबद्दल मात्र आजी फक्त एवढंच म्हणायची, 'ती गेली मुंबईला.' कुलवृत्तांतात तिच्या नावाची रेघच नाही. ती विधवा होती, पळाली की हाकलली, कुणाकडे राहिली, केव्हा वारली, कुणी विचारलं नाही आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही. प्रत्येक जुन्या घरात अशी एखादी असते. घराण्याने आपल्या बाजूने रेघ पुसली की तिचा माग फक्त परक्यांच्या वहीत उरतो, एखाद्या इस्पितळाच्या, एखाद्या ठाण्याच्या. म्हणून लॅम्बेथच्या आणि गॉथेनबर्गच्या वह्यांमधली ही कामं मला दूरची वाटत नाहीत. म्हणूनच ती करणाऱ्यांनी नायिका शोधू नयेत असंही वाटतं. एडोज भांडायची, मुलीकडे पैसे मागून तिला नको करून सोडायची, प्यायची. तिच्याबद्दल लिहायचं तर हेही लिहावं.

३० सप्टेंबरला पहाटे मायटर चौकात ती सापडली. त्या आधी काही तास ती बिशप्सगेट पोलीस ठाण्यात दारू उतरेपर्यंत कोठडीत होती. नाव विचारलं तर 'काही नाही' म्हणाली, आणि एक वाजता सुटताना मेरी ॲन केली हे खोटं नाव सांगून गेली. अंगावरच्या वस्तूंची पोलिसांनी यादी केली. पांढऱ्या चिंध्यांचे बारा तुकडे. चहा आणि साखर भरलेल्या पत्र्याच्या डब्या. एक लाल हातमोजा. मोहरीच्या डबीत गहाणाच्या दोन चिठ्ठ्या. एक जोडीदार जॉन केलीच्या बुटांची, २ शिलिंग ६ पेन्सची. केंटमध्ये हॉपची, म्हणजे बिअरमध्ये घालायची फुलं खुडायला गेली होती दोघं, पण हंगाम वाईट गेला, परत आल्यावर खायला पैसे नव्हते म्हणून बूट ठेवले. दुसरी चिठ्ठी एमिली बिरेल नावाने, पुरुषाच्या फ्लॅनेलच्या सदऱ्याची, ९ पेन्सची. जॉन केलीने पेपरात बिरेल हे नाव वाचलं आणि ओळख पटवायला ठाण्यावर आला. कोण ही एमिली, असं विचारल्यावर त्याने सांगितलं की केंटहून परत येताना वाटेत भेटली होती, तिच्यासारखीच खुडणीला आलेली. ती आणि तिचा माणूस दुसऱ्या वाटेने जाणार होते. तू लंडनला चाललीस ना, म्हणाली, ही चिठ्ठी घे, सदरा सोडव, तुझ्या माणसाला होईल. चौकशीच्या कागदांत एमिली बिरेल इतकीच येते. तिचं पुढे काय झालं, हे शोधायला अजून कुणीतरी बसायला हवं.